नमुन्यादाखल जोडलेला फोटो

"अहो, पण हा फोटो तर हलतोय," थेरपिस्ट बाई म्हणाल्या, आणि लिफ्टवाल्याचा आधीच वाईट चाललेला आठवडा आणखी वाईट झाला.

फोटो कशाचा, तर हॉस्पिटलच्या एका फॉर्मचा. बायकोने आठवण राहावी म्हणून फोनने काढून ठेवलेला. अक्षरं नीट दिसावीत म्हणून बाईंनी फोन हातात घेतला, पडद्यावर बोट जरा जास्त वेळ दाबलं गेलं, आणि फॉर्म हलला. कागदाचा कोपरा पंख्याच्या वाऱ्याने उडाला, त्यावर बायकोचा अंगठा आला, आणि तिचा आवाजही ऐकू आला, "थांब, सरळ धर." एवढंच. मग पुन्हा साधा, गप्प फोटो.

"हे काय झालं?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"काही झालं नाही. तुमच्या फोनमध्ये ही सोय सुरू आहे. फोटो काढला की त्याच्या आगेमागचा तीन सेकंदांचा व्हिडिओ त्याच फाइलच्या पोटात राहतो. माझ्याही फोनमध्ये आहे." बाईंचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे घरी आईंचे जेवढे फोटो काढलेत, त्या प्रत्येकात तीन तीन सेकंद असणार! आणि तुम्ही सकाळपासून मला सांगताय की एकही व्हिडिओ नाही म्हणून. घेऊन या की, मला तेच तर हवंय."

पायाखालची जमीन सरकणं हा लिफ्टवाल्याच्या रोजच्या कामाचा भाग होता. पंचवीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. अधांतरी लोंबकळणं, लिफ्टखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरणं, अधूनमधून विजेचा झटका खाणं, याचं त्याला काही वाटत नसे. पण हॉस्पिटलच्या त्या पक्क्या, फिनेलने पुसलेल्या फरशीवर उभं असताना त्याला आज पहिल्यांदा कशाला तरी धरावंसं वाटलं. त्याने खाटेची दांडी धरली. कारण त्या फोटोंचं त्याने काय केलं होतं, ते त्या खोलीत फक्त त्याला माहीत होतं.

खाटेवर त्याची आई झोपली होती. दहा दिवसांपूर्वी सकाळी ती न्हाणीघरात पडली आणि तिची उजवी बाजू गेली. पक्षाघात. दुसऱ्या कुणाची उजवी बाजू जाणं आणि या बाईची जाणं यात फरक होता. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि ती बोलत होती ती हातांनी. तेही शाळेत शिकवतात त्या भाषेत नाही. तिला शाळेत कुणी घातलंच नव्हतं. लहानपणी तिने आणि तिच्या बहिणीने मिळून घरातल्या घरात खुणा बनवल्या होत्या, आणि त्याच खुणांवर तिने लग्न निभावलं, मुलगा वाढवला, शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काजं केली आणि मुकादमाशी भांडणंसुद्धा केली. बहीण गेली, नवरा गेला. आता त्या खुणा कळणारी जगात दोनच माणसं उरली होती. लिफ्टवाल्याला पुरत्या कळायच्या आणि त्याच्या बायकोला निम्म्या. हॉस्पिटलने खुणांची भाषा जाणणारा एक दुभाषी बोलावला होता. तो बिचारा अर्धा तास उभा राहिला आणि "यांचं आणि माझं गाव वेगळं दिसतंय" असं म्हणून निघून गेला.

पडली त्या सकाळची लिफ्टवाल्याला धड आठवणही नव्हती. अँब्युलन्सवाले घाई करत होते, आणि त्याने हाताला लागेल ते कामाच्या बॅगेत कोंबलं होतं: तिच्या गोळ्या, ओळखपत्र, बेसिनखाली पडलेला चष्मा, चपलांचा जोड, टॉवेल. मग पहिले तीन दिवस ती डोळेच उघडत नव्हती.

चौथ्या दिवशी डोळे उघडले आणि डावा हात हलायला लागला. घरात आनंदीआनंद. पण तो हात एकच गोष्ट करत होता. छातीपाशी गाऊनचं कापड चिमटीत पकडायचा आणि पुढे ताणून धरायचा. पकडायचा, ताणायचा, सोडायचा. पुन्हा पकडायचा. आणि आई डोळे बारीक करून समोर बघत राहायची.

"छातीत दुखतंय त्यांच्या," सिस्टर म्हणाल्या. छातीचा ईसीजी काढला, तो साफ निघाला. तरी चिमटी काही थांबेना, म्हणून डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहून दिलं. सुई टोचली की आई झोपायची. जागी झाली की पुन्हा चिमटी, पुन्हा सुई. सहा दिवस हेच चाललं होतं. लिफ्टवाला खाटेच्या पायथ्याशी उभा राहून दोन्ही हातांनी विचारायचा, "कुठे दुखतं? इथे? की इथे?" आणि ज्या बाईने त्याच्या खुणेची चूक आयुष्यात कधी सोडली नव्हती, ती त्याच्या हातांकडे अशी बघायची की जणू तिथे नुसती भिंत आहे. त्याला ते बघवत नसे. लघवीच्या निमित्ताने बाहेर जाऊन तो जिन्यात दोन मिनिटं रडून यायचा आणि तोंड धुऊन पुन्हा उभा राहायचा.

थेरपिस्ट बाई भल्या होत्या. मेंदूला मार बसलेल्या माणसाला पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. त्यांनी आईसमोर चित्रांचे पत्ते धरून पाहिले: पेला, खाट, दार, पाऊस, मूल, घड्याळ. आईने एकावरही बोट ठेवलं नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत त्यांना अहवाल द्यायचा होता. आईला खुणेने सांगितलेलं समजतं असं लिहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या पुनर्वसन वॉर्डात जागा. दिवसातून दोनदा व्यायाम, दोनदा बाई स्वतः. समजत नाही असं लिहिलं, तर शहराबाहेरचं शुश्रूषा केंद्र. ते लिफ्टवाल्याने पाहिलं होतं. तिथली लिफ्ट त्यानेच दुरुस्त केली होती. ओळीने खाटा, आणि ओळीने छताकडे लागलेले डोळे.

"मला तसं लिहायचं नाहीये हो," बाई म्हणाल्या होत्या. "पण समजत नाही याचा पुरावा माझ्याकडे आहे, समजतं याचा नाही. हा डावा हात काही सांगतोय की नुसताच चाळा आहे, हे मला जुन्या खुणांशी ताडून बघायचंय. तुम्ही आठवून सांगता त्यावर भागत नाही. व्हिडिओ हवा."

आणि व्हिडिओ नव्हता. आईला व्हिडिओचा तिटकारा. लहानपणी लोक तिच्या हातवाऱ्यांना हसायचे, ते मनातून गेलं नव्हतं. कॅमेरा लागलाय असं दिसलं की ती दोन्ही हात मांडीवर ठेवून पुतळा व्हायची. फोटो काढायचा तर तिच्या नकळत. ते मात्र त्यांनी ढिगाने काढले होते.

ते सगळे फोटो टीव्हीखालच्या एका पेटीत होते. लिफ्टवाला तिला मीडिया सर्व्हर म्हणायचा, बायको 'तुझी पेटी' म्हणायची. एका जुन्या कॉम्प्युटरमधून त्याने स्वतः ती जमवली होती. फोनमधले फोटो आपोआप पेटीत जायचे, फोनमधून पुसले जायचे, आणि जेवताना टीव्हीवर एकामागोमाग एक दिसायचे. आईला तो कार्यक्रम फार आवडायचा. सगळं छान चाललं होतं, आणि मग दोघांनी नवे फोन घेतले. नव्या फोनचे फोटो नव्याच फॉरमॅटमध्ये निघत आणि पेटीला तो वाचता येत नव्हता. टीव्हीवर फोटोंच्या जागी करडे चौकोन यायला लागले. आई टीव्हीकडे बोट करायची आणि मग दोन्ही हात झटकायची. म्हणजे, मेला.

पेटीतलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. ते बनवणारा कुणीतरी एकटा माणूस, फोरमवर त्याचं नाव 'घुबड'. आणि तिथे आधीच चारशे लोक त्याच्या छातीवर बसलेले: नवा फॉरमॅट कधी दाखवणार, बाकीच्यांकडे दिसतो, तुम्ही झोपलात का? फुकट खाणाऱ्याला मीठ कमी लागतंच. लिफ्टवालाही त्यात सामील झाला. त्याने तिथे 'तळमजला' असं नाव घेतलं होतं. नाव तळाचं, पण आवाज गच्चीवरून लावला होता. "माझ्या म्हाताऱ्या आईला सहा महिने करडे चौकोन बघायला लागतायत," असं त्याने लिहिलं. "जमत नसेल तर तसं सांगा."

घुबडाने शांतपणे उत्तर दिलं होतं की एक मूळ फाइल, काहीही बदल न करता, नमुन्यादाखल जोडा, म्हणजे उघडून बघतो. आता स्वतःच्या घरचा फोटो चारचौघांत कोण टाकणार? लिफ्टवाल्याने शोधून शोधून सगळ्यात टाकाऊ निवडला. आईचाच होता, पण मान खाली, चेहरा धड नाही, हात हलल्यामुळे पुसट झालेले. तो जोडून टाकला. तीन दिवस वाट पाहिली. उत्तर नाही. मग त्याचं डोकं फिरलं. त्याच फोरमवर कुणीतरी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली होती: नव्या फॉरमॅटच्या फोटोचा जुन्या फॉरमॅटमध्ये फोटो करायचा आणि मूळ फाइल पुसून टाकायची. जागाही वाचते. त्याने ती बसवली, दर रविवारी सकाळी आपोआप चालेल अशी लावून दिली, टीव्हीवर फोटो दिसले, आईने टाळी वाजवली. त्यानंतर तो त्या फोरमकडे फिरकला नाही. कुठल्याही लिफ्टचं काम तो असं अर्धवट सोडत नसे, पण घरच्या कामाला त्याने तो नियम लावला नव्हता.

अकरा महिने झाले त्याला.

"जाऊन या पटकन," थेरपिस्ट बाई म्हणत होत्या. "एक मिळाला तरी चालेल."

*

साडेबाराला दोघं घरी पोचली. लिफ्टवाल्याने चपला काढल्या नाहीत की बॅग खाली ठेवली नाही. खांद्यावर बॅग तशीच, आणि तो टीव्हीसमोर जमिनीवर बसला.

पेटीत सहा हजार दोनशे चौदा फोटो होते. त्याने एक फोनवर उघडला, दाबून धरला. हलला नाही. दुसरा. विसावा. बायको मागे उभी होती आणि एकेक फोटो पुढे जाताना तिला पहिल्यांदा एक गोष्ट दिसत होती. आईंचे फोटो कधी धड येत नाहीत, हात कायम हललेले, असं तीच इतकी वर्षं म्हणत आली होती. आता त्या हाताच्या जागी आलेला प्रत्येक पुसट ढग म्हणजे आई काहीतरी सांगत होत्या, हे तिला कळत होतं. टेबलाशी बसून सांगत होत्या, गॅसजवळ उभ्या राहून सांगत होत्या, बाल्कनीत समोरच्या बाईच्या कुत्र्याबद्दल काहीतरी चहाडी सांगत होत्या.

"यातलं काहीच हलत नाही," ती म्हणाली. "का हलत नाही?"

"स्क्रिप्टने फक्त फोटो ठेवला. बाकीचं टाकून दिलं."

"मग मूळ फाइली?"

त्याने पुढचा फोटो उघडला.

"तू पुसल्यास?"

"स्क्रिप्टने पुसल्या."

"स्क्रिप्ट कुणी लावली?"

"मी." त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. "दुसऱ्या डिस्कवर कॉपी होती. पण तीही मीच अशी लावलीय की इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. व्यवस्थित राहावं म्हणून."

व्यवस्थित! बायको हॉटेलच्या लाँड्रीत काम करायची. शंभर चादरींतून एक डागाची चादर ती नजरेने काढायची, आणि नवऱ्याच्या व्यवस्थितपणाचं तिला नेहमी कौतुक वाटायचं. आज तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. दर रविवारी सकाळी आपण आंघोळ करत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीत आईचं आठवड्याचं बोलणं पुसलं जात होतं. आपणच वेळ लावून दिली होती. हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि बाहेर पडायलाच तयार होईना.

बायको मात्र खाली बसली. रडायचं ते नंतर, असं ठरवून तिने घड्याळाकडे पाहिलं. "कुणाला पाठवला असशील की एखादा. माझ्या बहिणीला?"

"मेसेजवर पाठवला की नुसता फोटो जातो. लहान करून."

"तसा नको. मूळचा. कुणालाच, कधीच दिला नाहीस?"

"मूळची फाइल कशाला कुणाला..." तो म्हणाला आणि थांबला. तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय?"

"घुबड," तो म्हणाला.

बायकोला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला.

फोरमचा पासवर्ड आठवायला चार मिनिटं गेली. ती जुनी चर्चा आता बरीच खाली गेली होती. लोकांनी मधल्या काळात घुबडाला बऱ्याच शिव्या घातल्या होत्या, थोडे आभारही मानले होते. लिफ्टवाला खाली खाली सरकत गेला आणि त्याला आपलं नाव दिसलं. खाली घुबडाचं उत्तर. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. त्याने स्क्रिप्ट बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"तळमजला, नमुन्याबद्दल आभार. उशीर झाला, दिवसा नोकरी असते. फाइल उघडून पाहिली. यात नुसता फोटो नाही, हलणारा भाग आहे आणि आवाजही आहे. फोटो दाखवणं लवकर जमेल, हलणाऱ्या भागाला वेळ लागेल, कारण मी एकटा आहे. तोवर कृपा करून बाहेरची स्क्रिप्ट लावून मूळ फाइली पुसू नका. हा भाग एकदा गेला की परत येत नाही. आणखी एक. तुमच्या नमुन्यातल्या बाई कुणाशी तरी हातांनी बोलतायत असं वाटतं. मला कळलं नाही काय ते. पण जपून ठेवा."

लिफ्टवाल्याने ते दोनदा वाचलं. कुठल्या देशातला कोण तो माणूस, त्याला एका टाकाऊ फोटोत आपली आई बोलताना दिसली होती. आणि आपण शेजारच्या खुर्चीत बसून तिला टाकाऊ ठरवलं होतं. त्याने कपाळावर हात मारला. खरोखर मारला, आवाज आला.

"नंतर मार," बायको म्हणाली. "फाइल आहे का ती बघ."

फाइल होती. उत्तराच्या वर, त्याच्याच तक्रारीला लटकलेली, जशीच्या तशी. बायकोच्या फोनवर उतरवून घेतली. पुसट हातांचा फोटो आला. त्याने बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

आई हलली.

दोघंही एकदम मागे सरकली. दहा दिवस जिचा अर्धा चेहरा मेणासारखा झालेला पाहत होते, ती बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी होती आणि चिडलेली होती, चांगली तरतरीत चिडलेली. बायकोच्या हसण्याचा आवाज येत होता. आईचा चष्मा तिच्याच डोक्यावर, केसांत खोचलेला, आणि ती तो सगळ्या घरात शोधत होती. म्हणून तर लिफ्टवाल्याने फोटो काढला होता, गंमत म्हणून. आईने मान खाली घातली, दोन्ही हात छातीशी आणले, आणि विचारलं. तीन सेकंद संपले.

"पुन्हा लाव," बायको म्हणाली.

उजव्या हाताची दोन बोटं हवेतल्या हवेत एक काच धरून गोल गोल फिरत होती. काच पुसताना फिरतात तशी. ही खूण त्याला चांगली माहीत होती. लहानपणापासून पाहिलेली. चष्मा. ते गोल गोल फिरणं म्हणजेच चष्मा, असंच तो समजत आला होता. त्याचे डोळे कायम त्या फिरणाऱ्या हातावर असायचे. दुसरा हात काय करतो ते त्याने चव्वेचाळीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने पुन्हा लावलं. या वेळी पडद्यावरच्या उजव्या हातावर आपला अंगठा ठेवला आणि तो झाकून टाकला.

उरला डावा हात. छातीपाशी गाऊनचं कापड चिमटीत पकडलेला. पुढे ताणून धरलेला. ज्यावर काच पुसायची ते कापड.

व्हिडिओ संपला, फोटो स्थिर झाला, तरी त्याचा अंगठा तिथेच होता.

"सहा दिवस," शेवटी बायको म्हणाली. "सहा दिवस आई चष्मा मागतायत. आणि आपण त्यांना सुया टोचतोय."

"तिला काही दिसतच नव्हतं." लिफ्टवाला उठून उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उठला. "माझे हात दिसत नव्हते. ते पत्ते दिसत नव्हते. चष्म्याशिवाय तिला हातभरावरचं दिसत नाही. मी पायथ्याशी उभा राहून... ऐकू येत नाही, आणि दिसतही नाही. अगं, आपण तिला कोंडून ठेवलं!"

"पण चष्मा आहे कुठे? मला वाटलं हॉस्पिटलने काढून ठेवला असेल."

"मला वाटलं तू..." तो म्हणाला.

आणि मग दोघांनीही एकाच वेळी त्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

ही बॅग दहा दिवस त्याच्यासोबत हॉस्पिटलात जात होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. आईच्या खाटेला टेकवून ठेवलेली असायची, तिच्या डाव्या हातापासून दोन फुटांवर. त्याने बाजूचा कप्पा उघडला. पाना, टेस्टर, ग्रीसची डबी, जुना टॉवेल आणि टॉवेलमध्ये चष्मा. एक काडी वाकडी झाली होती. काचा शाबूत होत्या. तुटू नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवल्याचं त्याला आता आठवलं, लख्ख आठवलं. सुरक्षित राहावा म्हणून त्यानेच ठेवला होता.

तो मोठ्याने रडला. या वेळी जिना नव्हता, लघवीचं निमित्त नव्हतं. बायकोने त्याला दोन मिनिटं रडू दिलं आणि मग दंडाला धरून दाराबाहेर काढलं.

*

तीन वाजून दहा मिनिटांनी ती दोघं वॉर्डात शिरली तेव्हा आई जागी होती. डावी चिमटी सुरू होती. सिस्टर ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"थांबा!" लिफ्टवाला दारातूनच ओरडला, तसे पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. "सुई नको. तिला दुखत नाहीये."

थेरपिस्ट बाई धावत आल्या. कुणाला काही सांगायच्या मनःस्थितीत तो नव्हता. तो सरळ आईजवळ गेला, पायथ्याशी नाही, अगदी उशीपाशी, वाकडी काडी जमेल तितकी सरळ केली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला.

आईची चिमटी सुटली.

तिने आधी छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग सलाइनच्या बाटलीकडे, सुनेकडे, ट्रे धरलेल्या सिस्टरकडे, सुईकडे. शेवटी मुलाकडे पाहिलं, बराच वेळ. त्याची दाढी वाढली होती आणि नाक लाल झालं होतं. त्याचे हात हवेत काहीतरी म्हणायला उठले, पण एकही खूण धड होईना.

आईने डावा हात उचलला. हळूहळू, जड, पण पुरता. कानापाशी नेला आणि पंजा दोनदा पुढेमागे हलवला.

"काय म्हणाल्या?" थेरपिस्ट बाईंचा आवाज चढला होता. "ही कुठली खूण? काही तरी म्हणाल्या ना?"

"गाढव," बायको रडता रडता म्हणाली. "गाढव म्हणाल्या याला. ही एका हाताची आहे."

बाईंनी पत्ते काढले. पेला म्हटल्यावर पेला, दार म्हटल्यावर दार. लिफ्टवाला खुणेने विचारत होता आणि आई पत्त्यांवर बोट ठेवत होती, जरा कंटाळल्यासारखी, हे काय पोरखेळ चाललेत म्हणून. मग बाईंनी त्याला विचारायला सांगितलं की छातीत दुखतंय का. आईने मान हलवली. नाही. कधी दुखत होतं का? नाही. सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सहा दिवसांच्या सगळ्या सुयांची नोंद खाटेला लटकवलेल्या कागदावर होती, त्यांच्याच अक्षरात. बाईंनी अहवालाच्या कागदावर 'समजत नाही' हे शब्द खोडले, इतक्या जोरात की कागद फाटला, आणि त्या नवा कागद आणायला गेल्या.

तेवढ्यात आईचा हात पुन्हा छातीशी गेला. चिमटी. कापड पुढे ताणलेलं.

"पुन्हा?" सिस्टर घाबरून वळल्या. "आता काय? चष्मा तर दिलाय."

लिफ्टवाल्याने वाकून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला ते दिसलं. दोन्ही काचांवर ग्रीसची बोटं उमटली होती. त्याच्या बॅगेतली, त्याच्याच हाताची. त्या काळपट डागांमागून आई त्याच्याकडे बघत होती आणि कापड धरून थांबली होती.

त्याने तिच्या डोळ्यांवरून चष्मा काढला. दोन बोटांत काच धरली, तिने ताणून धरलेल्या कापडावर टेकवली आणि गोल गोल पुसायला लागला.